रंग गेला, मीठ राहिले

श्रीगोंदा तालुक्यात पाण्याची चर्चा आवर्तनाच्या भाषेत चालते. कुकडीचे आवर्तन कधी सुटणार, घोडच्या डाव्या कालव्याला किती दिवस पाणी मिळणार, विसापूरच्या तलावात साठा किती, टेलच्या गावांना पाणी पोचणार की वरच जिरणार, या प्रश्नांवर इथे मोर्चे निघतात, रस्ते अडवले जातात आणि निवडणुकाही फिरतात. पर्जन्यछायेतल्या, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाहणाऱ्या तालुक्यात हे स्वाभाविकच आहे. पण या साऱ्या हिशेबात एक पाणी कधीच धरले जात नाही. ते म्हणजे एकदा वापरून झालेले पाणी.

हे पाणी थोडे नाही. उसाच्या वजनात साधारण सत्तर टक्के पाणीच असते. म्हणजे टनभर ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडतो तेव्हा त्याच्याबरोबर सातशे लिटर पाणीही येऊन पडते. दिवसाला ५,००० टन गाळप करणारा कारखाना धरला, तर उसाच्या पोटातून रोज ३५ लाख लिटर पाणी कारखान्याच्या आवारात शिरते. हे पाणी आभाळातून आलेले नाही. कुकडीच्या, घोडच्या पाटातून, चाऱ्यांतून, विहिरी आणि बोअरमधून उपसून, रात्रीच्या विजेवर मोटारी चालवून शेतकऱ्याने ते उसात भरलेले असते. नागवडे कारखाना आणि पिंपळगाव पिसा इथला कुकडी कारखाना ही तालुक्याच्या अर्थकारणाची केंद्रे. त्यांच्या आधाराने इथली बागायत वाढली, आणि त्याच बागायतीने तालुक्याचे पाणी उसाच्या रूपात एका जागी गोळा करण्याची रीत घालून दिली. त्यात दूध संकलन आणि शीतकरण केंद्रांचे धुण्याचे पाणी, शहराच्या गटारांचे पाणी आणि लहानमोठ्या कारखानदारीचे पाणी मिळवा. श्रीगोंदा शहर ज्या सरस्वती नदीच्या काठी वसले ती पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते आणि उजनीचे पाणी सोलापूरकर पितात. आपण सोडून दिलेले पाणी कोणाच्या तरी हंड्यात जातेच.

त्यामुळे हे पाणी शुद्ध करण्याची कोणतीही नवी पद्धत आली की ती मनापासून तपासून पाहणे हे तालुक्याचे काम आहे. अलीकडे अशा पद्धतींमध्ये विद्युत अपघटनाचे, म्हणजे इलेक्ट्रोलिसिसचे नाव वारंवार येते. सांडपाण्यात धातूच्या पट्ट्या बुडवायच्या, त्यांतून एकदिश वीजप्रवाह सोडायचा आणि थोड्या वेळात पाणी निवळलेले पाहायचे. गढूळ, तपकिरी, वास मारणारे पाणी पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पारदर्शक होते. प्रात्यक्षिक इतके प्रभावी असते, की त्यानंतर प्रश्न विचारावासाच वाटत नाही. या लेखाचा सारा आग्रह हाच आहे, की प्रश्न तेव्हाच विचारावा, आणि तो पाण्याच्या रंगाबद्दल नसावा. श्रीगोंद्याच्या जमिनीला रंगापेक्षा मिठाची भीती जास्त आहे. जी पद्धत रंग काढते आणि मीठ तसेच ठेवते तिला शुद्धीकरण म्हणायचे की नाही, हे ते पाणी पुढे कुठे जाणार यावर ठरते.

आधी ही पद्धत नेमके काय करते ते पाहू. मायकेल फॅरडेने १८३० च्या दशकात मांडलेल्या नियमांवर ती उभी आहे. जितकी वीज सोडाल तितक्याच ठरावीक प्रमाणात धातू विरघळतो, ना कमी ना जास्त. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या असतील तर एक अँपिअर प्रवाह तासभर सोडल्यावर धनाग्रावरून सुमारे ०.३४ ग्रॅम ॲल्युमिनियम पाण्यात उतरते. लोखंडाच्या असतील तर सुमारे १.०४ ग्रॅम लोह उतरते. त्याच वेळी ऋणाग्रावर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात. विरघळलेला धातू पाण्यातल्या हायड्रॉक्साइडशी मिळून मऊ, पिंजलेल्या पुंजक्यांचे रूप घेतो. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण एरवी एकमेकांना दूर लोटत असतात, म्हणून ते दिवसचे दिवस खाली बसत नाहीत. हे पुंजके त्या कणांना साकळून घेतात. काही गाळ खाली बसतो, काही बुडबुड्यांबरोबर साय धरल्यासारखा वर येतो. मधले पाणी निवळते.

ही पद्धत काय पकडते याची यादी चांगली मोठी आहे. तरंगते कण, तेलाचा आणि तुपाचा अंश, फॉस्फेट, अनेक रंगद्रव्ये, जड धातू, फ्लोराइड. नागपूरच्या नीरी संस्थेने ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि सौर वीज वापरून पिण्याच्या पाण्यातले जादा फ्लोराइड काढण्याची पद्धत विकसित केली, ती याच तत्त्वावर. ही खरी विद्या आहे, जादूटोणा नव्हे, आणि ज्यांनी ती जोपासली त्यांच्याबद्दल आदरच वाटावा.

पण ती काय पकडत नाही याचीही यादी आहे, आणि ती प्रात्यक्षिकात वाचली जात नाही. पूर्ण विरघळलेली साखर या पुंजक्यांना फारशी चिकटत नाही, त्यामुळे साखर कारखान्याच्या पाण्यातली बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूचे माप, केवळ पट्ट्यांनी पुरती उतरत नाही. नायट्रेट आणि युरिया बव्हंशी जसेच्या तसे राहतात. आणि सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड हे साधे क्षार पाण्यातून हलतच नाहीत. खरे तर क्षार असलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून प्रवाह नीट चालावा यासाठी कित्येकदा वरून मीठ घातले जाते. तेव्हा पाणी काचेसारखे होते आणि आधीपेक्षा खारट असते.

याचा श्रीगोंद्याशी संबंध काय, ते एका हिशेबाने दिसेल. साखर कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी एकूण विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २,१०० मिलिग्रॅम आहे. समजा एका एकर उसाला वर्षभरात दीड मीटर उंचीचे पाणी दिले. उसासाठी हा अंदाज कमीच आहे. ते सगळे पाणी या कायदेशीर मर्यादेइतके खारे असेल, तर एका वर्षात त्या एकरात साडेबारा टनांहून अधिक क्षार येऊन पडतील. पाटाच्या गोड पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार धरले तर हाच आकडा दोन टनांच्या आत राहतो. सगळे रान निव्वळ सांडपाण्यावर कोणी भिजवत नाही, हे मान्य. पण पाणी नियमात बसते आणि तरीही जमीन बिघडवू शकते, एवढे यातून स्पष्ट होते. भरपूर पावसाच्या मुलखात क्षार धुऊन खाली जातात. इथल्या पावसात ती ताकद नाही, आणि काळी, चिकण जमीन ते सहजासहजी सोडत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याला हा धडा नवा नाही. दख्खनच्या कालव्यांवर पाटपाण्याने जमिनी चिबड आणि खारवट होऊ लागल्याची चिंता ब्रिटिश सरकारलाही लागली होती, आणि सिंचन व निचऱ्याच्या प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी मुंबई इलाख्याने १९१६ साली पुण्यात एक खास विभाग काढला. आजचे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र त्याच विभागातून वाढले. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या पट्ट्यात ऊस फोफावला. त्याच्या मागोमाग चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेल्या, जमिनीही वाढत गेल्या. चोपण झालेले रान पूर्ववत करायला जिप्सम, चर, निचऱ्याचे पाइप आणि बरीच वर्षे लागतात. श्रीगोंद्याचे लिंबू तर मिठाच्या बाबतीत अधिकच नाजूक. लिंबूवर्गीय झाडे खाऱ्या पाण्याने आणि खाऱ्या जमिनीने लवकर खचतात: पानांचे शेंडे करपतात, फळ लहान राहते आणि बाग वय होण्याआधीच थकते. लिंबोणीचा बागायतदार पाण्याचा रंग पाहून निश्चिंत झाला, तर नुकसान त्याचे आहे, यंत्र विकणाऱ्याचे नाही.

म्हणजे इलेक्ट्रोलिसिसला दारातूनच परत पाठवायचे का? अजिबात नाही. मीठ हेच माप धरले, तर एका जागी ही पद्धत उलट उजवी ठरते. पाणी निवळण्यासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या तुरटी वापरतो. मोठ्या प्रमाणावर त्याच जातीचे ॲल्युमिनियम सल्फेट वापरले जाते. लिटरला ५० मिलिग्रॅम ॲल्युमिनियम पाण्यात उतरवायचे असेल, तर ॲल्युमिनियम सल्फेटमधून त्याच्यासोबत सुमारे २६५ मिलिग्रॅम सल्फेट पाण्यात येते. शिवाय पाणी आम्लधर्मी होते म्हणून वरून चुना घालावा लागतो. पट्टीतून विजेने उतरणारे ॲल्युमिनियम मात्र एकटे येते, सल्फेटचा काफिला सोबत आणत नाही. ज्या पाण्यात मुळातच क्षार कमी आहेत आणि जे पुन्हा वापरायचे आहे, तिथे ही मोठी जमेची बाजू आहे. हजार लिटर पाण्यात ५० ग्रॅम ॲल्युमिनियम उतरवायला सुमारे दीडशे अँपिअर-तास लागतात. पट्ट्यांमधला दाब दहा व्होल्ट धरला, तर हजार लिटरमागे दीड युनिट वीज. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, स्वतःची वीज तयार करणाऱ्या कारखान्याला हे ओझे नाही.

आता दुसरे टोक पाहू. आसवनीतून, म्हणजे अल्कोहोलच्या कारखान्यातून, निघणारा स्पेंटवॉश, ज्याला आपण मळीचे पाणी म्हणतो. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. रंग गडद तपकिरी, स्वभाव आम्लधर्मी, आणि सीओडी, म्हणजे ही घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या प्राणवायूचे माप, लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात. या रंगाचे मुख्य कारण म्हणजे मेलॅनॉइडिन नावाची द्रव्ये. साखर आणि अमिनो आम्ले तापताना ती तयार होतात आणि जिवाणूंना ती सहज पचत नाहीत. म्हणून बायोगॅस काढून घेतल्यावरही पाणी काळेच दिसते. इलेक्ट्रोलिसिसने या रंगावर परिणाम होतो हे प्रयोगशाळांमध्ये अनेकदा दिसले आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी मोह सर्वांत मोठा आहे.

इथेही फॅरडेचाच हिशेब लावू. लिटरमधली शंभर ग्रॅम सीओडी विजेने पूर्ण जाळायची, तर सुमारे ३३५ अँपिअर-तास लागतात, तेही एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही तर. पाच व्होल्ट दाब धरला तरी लिटरमागे १.७ युनिट. एक लिटर अल्कोहोलमागे दहा लिटर स्पेंटवॉश धरला, तर सतरा युनिट. आणि त्या एक लिटर अल्कोहोलमध्ये इंधन म्हणून असलेली सारी ऊर्जा सहा युनिटच्याही आत भरते. म्हणजे जे इंधन तयार केले, त्याच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा त्याची घाण जाळण्यात घालायची. हे सर्वांत अनुकूल गृहीतकांवरचे गणित आहे. प्रत्यक्षात पुष्कळ वीज पाणी तापवण्यात आणि वायू काढण्यात जाते. रासायनिक अभियांत्रिकीतल्या कोणत्याही चातुर्याने हे गणित उलटत नाही, कारण ते निसर्गनियमाचे गणित आहे.

हेच काम जिवाणूंवर सोपवले तर ऊर्जा खर्च होण्याऐवजी हाती लागते. हवाबंद टाकीत एक किलो सीओडी नष्ट झाली की सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. स्पेंटवॉशमधली साठ-पासष्ट टक्के सीओडी अशी उतरली, तर प्रत्येक लिटरमागे वीसएक लिटर मिथेन हाती येतो. उरलेला द्रव आटवून बॉयलरमध्ये जाळता येतो किंवा उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात, म्हणजे प्रेसमडमध्ये, मुरवून त्याचे कंपोस्ट करता येते. आसवन्यांनी सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडू नये हा नियम ज्या पायावर उभा आहे तो हाच. जाळण्याच्या मार्गात आणखी एक लाभ आहे. उसाने जमिनीतून उचललेले पोटॅश स्पेंटवॉशमध्ये लिटरला साधारण दहा ग्रॅमच्या आसपास असते. आपला देश पोटॅशसाठी आयातीवर अवलंबून आहे. बॉयलरच्या राखेतून मिळणाऱ्या या पोटॅशला २०२१ मध्ये केंद्र सरकारने खतांच्या अनुदान योजनेत जागा दिली. त्यात किमान १४.५ टक्के पोटॅश असावे अशी अट आहे. आता विचार करा: इलेक्ट्रोलिसिस करून रंग घालवलेल्या स्पेंटवॉशमध्ये हे पोटॅश तसेच राहते. शेतात ठरावीक मात्रेत, राखेच्या किंवा कंपोस्टच्या रूपात दिले तर ते खत. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून ओढ्याला गेले तर तेच प्रदूषण. द्रव्य एकच आहे, त्याला योग्य जागी नेणे हेच खरे शुद्धीकरण.

मग इलेक्ट्रोलिसिसची योग्य जागा कोणती? मला ती चार ठिकाणी दिसते.

पहिली, धातूंचे पाणी. मुलामा देणाऱ्या, म्हणजे प्लेटिंगच्या कारखान्यांच्या पाण्यात षट्‌संयुजी क्रोमियम असते. ते विषारी आहे, कर्करोगाला कारण ठरते, आणि भूपृष्ठावर सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. लोखंडाच्या पट्टीतून उतरणारे लोह त्याचे त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर करते आणि त्याच गाळात त्याला बसवते. एक ग्रॅम क्रोमियमला सव्वातीन ग्रॅमच्या आसपास लोह पुरते. लिटरला ५० मिलिग्रॅम क्रोमियम असलेल्या हजार लिटर पाण्याला, त्याच दहा व्होल्टच्या दाबाने, दीड युनिटच्या जवळपास वीज लागते. जिवाणू इथे मरतील. वीज मात्र इथे अचूक काम करते. नगर आणि सुप्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या लहान कारखान्यांसाठी ही पद्धत खरोखर मोलाची आहे.

दुसरी जागा दुधाची. शीतकरण केंद्रातले धुण्याचे पाणी पांढरे दिसते ते स्निग्धांश आणि प्रथिनांच्या सूक्ष्म कणांमुळे. असे कण साकळून घेणे हेच या पद्धतीचे बलस्थान. अट एकच: टाक्या धुण्यासाठी वापरलेला कॉस्टिक सोडा या पाण्यात मिसळू द्यायचा नाही. तो वेगळा साठवून पुन्हा वापरायचा, नाही तर सोडियम थेट रानात जाणार.

तिसरी जागा हंगामाच्या सुरुवातीची, आणि ती मला श्रीगोंद्यासाठी विशेष महत्त्वाची वाटते. साखर कारखाना वर्षभर चालत नाही. गाळप बंद असते तेव्हा शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू उपाशी पडतात, बहुतेक मरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बॉयलर पेटतो, पण जिवाणूंची वस्ती पुन्हा भरायला काही आठवडे जातात. ओढ्याकाठच्या विहिरी बिघडण्याचा धोका याच आठवड्यांत अधिक असतो. वीज मात्र बटण दाबले की कामाला लागते. विरघळलेली साखर ती काढणार नाही, पण तेल, गाळ आणि तरंगता कचरा काढून जिवाणूंवरचा भार हलका करेल. जिवाणू सावरेपर्यंतचा तो आधार होऊ शकतो.

चौथी जागा शेवटच्या टप्प्याची. जिवाणूंनी आपले काम केल्यावर उरलेला फिकट रंग आणि बारीक गाळ काढून ते पाणी कारखान्यातच कूलिंग टॉवरला किंवा धुण्याला फिरवायचे. नियमाने टनभर उसामागे दोनशे लिटरपर्यंतच पाणी बाहेर सोडता येते. ५,००० टन गाळपाला म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. हे पाणी आतल्या आत फिरले, तर तितके ताजे पाणी धरणातून, नदीतून किंवा बोअरमधून उचलावे लागणार नाही. तहानलेल्या तालुक्यात वाचवलेले पाणी हेच सर्वांत शुद्ध पाणी.

या चारही जागांत एक समान सूत्र आहे. पाणी उगमापाशीच वेगळे ठेवलेले असले पाहिजे. गोड, खारे, तेलकट, विषारी असे सगळे पाणी एका चरात ओतायचे आणि शेवटी एका यंत्रापुढे उभे करायचे, ही आपली सवयच मुळात चुकीची आहे. मिसळलेले पाणी वेगळे करायला लागणारी ऊर्जा ते न मिसळण्याच्या कष्टांपेक्षा कितीतरी जास्त असते. कोणतेही यंत्र या बेशिस्तीची भरपाई करू शकत नाही.

यंत्राचा स्वतःचा हिशेबही पुरा मांडला पाहिजे. वीजबिलात दिसते तेवढीच वीज लागते असे नाही. पट्टीचे ॲल्युमिनियमही विजेनेच तयार होते. एका किलोला १३ ते १५ युनिट लागतात. हजार लिटरमागे झिजणाऱ्या ५० ग्रॅम पट्टीत अशी पाऊण युनिटच्या जवळपास वीज दडलेली असते. पट्टीवर थर बसतो, तो काढला नाही तर तेवढ्याच कामाला जास्त वीज लागते. म्हणून ठरावीक वेळाने धन-ऋण उलटे करावे लागते. निघणारा हायड्रोजन बंद शेडमध्ये साठला तर स्फोटाचा धोका. त्यातून मिळू शकणारी ऊर्जा मात्र किरकोळ. आणि गाळ! ५० ग्रॅम ॲल्युमिनियमचे १४४ ग्रॅम कोरडे हायड्रॉक्साइड होते, पकडलेली घाण वेगळी. दहा लाख लिटरमागे नुसते हायड्रॉक्साइडच १४४ किलो, आणि ओल्या गाळाचे वजन त्याच्या कितीतरी पट. क्रोमियमचा गाळ असेल तर तो घातक कचरा म्हणून रांजणगावसारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्रातच गेला पाहिजे. तो बांधावर पडला, तर आपण विष पाण्यातून काढून मातीत घातले एवढेच. वीज घाणीला नाहीसे करत नाही, तिची जागा बदलते. नव्या जागेची जबाबदारी कोण घेणार, हा प्रश्न यंत्राच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

यावर एक आक्षेप येईल. वीज सौर असली, फुकट असली, तर हरकत काय? सूर्यप्रकाशाला दर नसेल, पण पॅनेलला, जागेला आणि दुसऱ्या उपयोगाला आहे. ज्या तालुक्यात शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी म्हणून शेतकरी झगडतो, तिथे सौर विजेचे प्रत्येक युनिट कुठे लावायचे हाही न्यायाचा प्रश्न आहे. शिवाय सौर विजेने बिल कमी होते, पाण्यातले सोडियम कमी होत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आज काहीच होत नाही तिथे निदान रंग तरी जाईल, अपुरा उपायही काही नसण्यापेक्षा बरा. मला हे पटत नाही. काळे पाणी विहिरीत उतरले की शेतकरी ओरडतो, पंचनामा होतो, नमुना घेतला जातो. काळा रंग हा त्याच्या हातातला पुरावा असतो. रंग काढून क्षार तसेच ठेवले, तर दोष राहतो आणि पुरावा जातो. क्लोराइडयुक्त पाण्यात जोरकस विद्युत ऑक्सिडेशन केले तर क्लोरीन तयार होतो आणि सेंद्रिय द्रव्यांशी मिळून काही नवी, त्रासदायक संयुगे बनवतो. तीही डोळ्यांना दिसत नाहीत. अपुरे शुद्धीकरण पूर्ण म्हणून मिरवले जाते तेव्हा ते काही न करण्यापेक्षा अधिक काळ नुकसान करते.

या पद्धतीचा इतिहासही अपुऱ्या हिशेबाचाच आहे. १८८९ साली लंडनमध्ये गटाराच्या पाण्यात समुद्राचे पाणी मिसळून ते विजेने शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या पट्ट्यांची पेटंटे निघाली. पाणी तेव्हाही निवळत होते. तरीही ही पद्धत मागे पडली, कारण विजेपेक्षा रसायने स्वस्त पडली. तेव्हा फक्त पैशांचा हिशेब झाला. आज आपल्याला पैसा, वीज, गाळ आणि जमीन असा चौपदरी हिशेब करता येतो, आणि तो न करण्याला आता सबब उरलेली नाही.

हा हिशेब करायला लागणारी माणसे आणि संस्था आपल्याजवळच आहेत. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून साखर कारखान्यांसाठी काम करते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे आणि खारवट-चोपण जमिनींचा अभ्यास तिथे मुरलेला आहे. कोणत्याही कारखान्याने असे यंत्र बसवण्याआधी पूर्ण एक हंगाम छोट्या प्रमाणावर चाचणी घ्यावी, आणि पाण्याच्या नमुन्याबरोबर ते पाणी दिलेल्या रानातल्या मातीचा नमुनाही हंगामाच्या आधी आणि नंतर तपासावा. कारखान्यांच्या सांडपाण्यावर बसवलेल्या ऑनलाइन यंत्रणेचा भर पीएच, बीओडी, सीओडी, तरंगते कण आणि प्रवाह यांवर असतो. त्यात विद्युतवाहकतेचे मापही जोडावे. क्षारांचा अंदाज देणारे हे साधन सर्वांत साध्या आणि स्वस्त उपकरणांपैकी एक आहे. सोडियमची तपासणी दर पंधरवड्याला प्रयोगशाळेत व्हावी. आणि वीज किती लागली, पट्ट्या किती झिजल्या, गाळ किती निघाला व कुठे गेला, या नोंदी कोणत्याही सभासदाला पाहता याव्यात.

सभासद हा शब्द मी मुद्दाम वापरतो. याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली, ती ऊस पिकवणारा हाच मालक या विचारावर. दरवर्षी सर्वसाधारण सभेच्या अहवालात गाळप किती, उतारा किती, भाव किती हे छापले जाते, आणि उतारा अर्धा टक्का घसरला तरी सभासद उभा राहून जाब विचारतो. तोच सभासद त्या पाण्याखालच्या जमिनीचाही मालक आहे. साखरेचा उतारा एका हंगामाचे उत्पन्न ठरवतो, क्षारांचा आकडा पुढच्या पिढीच्या हाती कोणती जमीन येणार ते ठरवतो. म्हणून अहवालात उताऱ्याच्या ओळीखाली आणखी एक ओळ छापली जावी: या वर्षी कारखान्यातून किती क्षार बाहेर गेले आणि ते कुठे गेले. ती ओळ छापायला लावण्याची ताकद श्रीगोंद्याच्या सभासदात आहे. आवर्तनासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या तालुक्याने सभेत हा एक प्रश्न उभा केला, तर इलेक्ट्रोलिसिसही आपल्या योग्य जागी बसेल आणि तिच्या नावाखाली कोणी नुसता रंग पुसून जाऊ शकणार नाही.